मोबाइल काढून घेतल्यावर मुलाने जायचे कुठे?

गेली २२ वर्षे मी मध्य मुंबईतील एका मराठी शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवते. ज्या मुलाला चष्मा लागणार आहे ते आता मला वर्गातच ओळखू येते. फळ्याकडे बघताना ते डोळे बारीक करते, मग हळूहळू फळ्याकडे बघणेच सोडून देते आणि शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेऊ लागते. शुद्धलेखनात एरवी न होणाऱ्या चुका दिसू लागतात आणि 'वर्गात लक्ष देत नाही' असा शेरा त्याच्या नावावर पडतो. मी नोकरीला लागले तेव्हा असे एखाददुसरे मूल चौथीच्या वर्गात आढळे. आता दुसरीतच तीन-चार निघतात. अशा मुलाच्या आईला बोलावले की माझे बोलणे पुरते होण्याआधीच ती अपराध्यासारखी म्हणते, "बाई, मोबाइल सोडतच नाही हो तो."

या उत्तरात तथ्य आहे, हे मी आधीच मान्य करते. पण ते पूर्ण कारण नाही, आणि जे कारण त्यात आलेले नाही ते त्या आईच्या हातातलेही नाही. वाढत्या डोळ्याला दिवसाचा मोकळा उजेड लागतो, आणि मुंबईने तो उजेड मुलांकडून थोडाथोडा करून काढून घेतला आहे: राहत्या खोलीतून, शाळेच्या वेळापत्रकातून आणि मैदानाच्या कुलूपबंद फाटकातून. मोबाइल त्या रिकाम्या झालेल्या जागेत येऊन बसला. म्हणून मुलांच्या डोळ्यांचा प्रश्न घरातल्या शिस्तीपुरता ठेवून चालणार नाही. तो शाळांचा, महापालिकेचा आणि राज्याच्या शिक्षण खात्याचाही प्रश्न आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी डोळ्यात काय घडते ते पाहू. जन्माच्या वेळी बाळाचा डोळा पुढून मागे सुमारे १६ ते १७ मिलिमीटर लांब असतो आणि मोठेपणी तो २३-२४ मिलिमीटरपर्यंत वाढून थांबतो. ही वाढ इतकी मोजूनमापून होते की बुबुळातून आणि भिंगातून वळून आलेले किरण नेमके मागच्या दृष्टिपटलावर, म्हणजे आपण ज्याला डोळ्याचा पडदा म्हणतो त्यावर, एकत्र येतात. काही मुलांच्या डोळ्यांची वाढ जिथे थांबायला हवी तिथे थांबत नाही. डोळा मागच्या बाजूला लांबत जातो, किरण दृष्टिपटलाच्या अलीकडेच एकत्र येतात आणि लांबचे धूसर दिसू लागते. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात याला निकटदृष्टिता म्हटले आहे. घरात आपण मायनस नंबर लागला असे म्हणतो. लांबी एका मिलिमीटरने जास्त झाली तर साधारण अडीच ते तीन नंबर लागतो. अंतर्गोल भिंगाचा चष्मा किरणांना पुन्हा दृष्टिपटलावर आणून सोडतो, पण लांबलेला डोळा आखूड करत नाही, आणि ते काम करणारे कोणतेही औषध, व्यायाम किंवा पथ्य नाही.

यातली वयाची गोष्ट पालकांना फारशी कोणी समजावून सांगत नाही. ज्या डोळ्याला सातव्या वर्षी नंबर लागतो त्याच्यापुढे वाढीची आठ-दहा वर्षे असतात आणि त्या सगळ्या वर्षांत नंबर वाढत राहू शकतो. चौदाव्या वर्षी लागलेल्या नंबराला तेवढा अवधी मिळत नाही. म्हणून नंबर किती, याइतकाच तो कोणत्या वयात लागला हा प्रश्न मोलाचा आहे. उणे सहाच्या पलीकडे गेलेल्या डोळ्यात दृष्टिपटल ताणले जाऊन पातळ होते, आणि पुढच्या आयुष्यात ते सुटण्याचा, काचबिंदूचा आणि दृष्टिपटलाच्या मध्यभागाला इजा होऊन नजर कायमची जाण्याचा धोका वाढतो. 'चष्मा काय, हल्ली सगळ्यांनाच असतो' असे जे म्हटले जाते ते चाळिशीतल्या माणसाबद्दल खरे असेल. सहा वर्षांच्या मुलाबद्दल ते म्हणणे बेफिकिरीचे आहे.

आता स्क्रीनकडे येते. २०२५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात ४५ अभ्यासांतील ३ लाख ३५ हजारांहून अधिक व्यक्तींच्या नोंदी एकत्र तपासल्या गेल्या. रोजच्या स्क्रीनच्या वेळात एका तासाची भर पडली की निकटदृष्टितेची शक्यता सुमारे २१ टक्क्यांनी वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. दिवसाला एका तासाच्या आत धोका फारसा दिसला नाही. एक ते चार तासांच्या दरम्यान तो झपाट्याने चढत गेला. या आकड्यांकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच दोन वर्षांच्या आतील मुलांना स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त नको, असे सांगितले होते, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सूचनाही त्याच दिशेच्या आहेत. तरी त्या विश्लेषणातल्या आकड्यांचा अर्थ लावताना एक अडचण लक्षात ठेवावी लागते. जे मूल चार तास मोबाइल बघते ते त्या चार तासांत घराबाहेरही नसते. मग डोळ्याचे जे नुकसान झाले त्यातले किती त्या चमकत्या काचेमुळे आणि किती बाहेर नसल्यामुळे, हे अशा निरीक्षणांतून वेगळे काढणे कठीण होते.

शिवाय 'स्क्रीन' या एका शब्दात आपण फार वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो. दहा बाय बाराच्या खोलीतसुद्धा टीव्ही मुलापासून पाच-सहा फुटांवर असतो, आणि तो आजीच्या, भावंडांच्या सोबतीने बघितला जातो. फोन मात्र २०-३० सेंटीमीटरवर, बऱ्याचदा अंथरुणात, कुशीवर वळून, एकट्याने बघितला जातो. एवढ्या जवळचे तासन् तास बघत राहण्याचा ताण डोळ्याच्या वाढीला चुकीची दिशा देतो, असे मानायला आधार आहे. पण तोच ताण डोळ्यांजवळ धरलेल्या पुस्तकानेही येतो, हे मराठी घरांतून सांगायला कोणी धजावत नाही. पुस्तक वाचणारे मूल आपल्याला गुणी वाटते. डोळ्याला मात्र गुणी-अवगुणी असा भेद कळत नाही.

नंबर आणि डोळ्यांचा थकवा या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांचीही गल्लत होते. माणूस एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा पापण्या मिटतो; स्क्रीनकडे टक लावली की हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. अश्रूंचा पातळ थर वाळतो, डोळे चुरचुरतात, लाल होतात, मूल ते चोळत राहते. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद बघावे, हा जो नियम सांगितला जातो तो या थकव्यासाठी उपयोगी आहे. त्याने नंबर लागायचा थांबतो, असे सिद्ध झालेले नाही. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांची गोष्ट तर याहून वाईट. महिन्याचा हिशेब दहा-दहा रुपयांनी जुळवणाऱ्या पालकांनी हे चष्मे मुलांसाठी घेतलेले मी पाहिले आहेत. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा अशा भिंगांनी डोळ्यांचा ताण कमी झाल्याचा पुरावा सापडला नाही. त्या पैशांत मुलाची डोळ्यांची नीट तपासणी झाली असती.

मोबाइल हेच एकमेव कारण नाही, हे दाखवणारी सर्वांत ठळक गोष्ट दक्षिण कोरियातली आहे. सोलमध्ये २०१० साली सैन्यभरतीसाठी तपासलेल्या १९ वर्षांच्या तरुणांपैकी ९६.५ टक्के निकटदृष्टीचे निघाले. हे तरुण १९९० च्या आसपास जन्मलेले. स्मार्टफोन बाजारात आले तेव्हा त्यांचे डोळे वाढून झालेले होते. त्यांचे बालपण गेले ते शाळेत, शिकवणीत आणि रात्री उशिरापर्यंतच्या अभ्यासात. मुंबईतल्या आईबापांना हे वर्णन ओळखीचे वाटेल.

२००८ मध्ये सिडनी आणि सिंगापूर या दोन शहरांतील चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. वंश एकच, म्हणून आनुवंशिकतेचा फरक मोठा नव्हता. सिंगापूरमधील मुलांत निकटदृष्टितेचे प्रमाण २९.१ टक्के होते, सिडनीत ३.३ टक्के. सिडनीची मुले पुस्तके कमी वाचत असतील असा अंदाज कोणीही बांधेल, पण ती उलट जास्त वाचत होती. ठळक फरक होता तो बाहेर असण्याच्या वेळात: सिडनीत आठवड्याला पावणेचौदा तास, सिंगापुरात जेमतेम तीन. पुढे चीनमधील ग्वांगझू शहरात १२ शाळांमध्ये प्रत्यक्ष प्रयोग झाला. निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा बाहेरचा तास जादा दिला, बाकीच्यांचे वेळापत्रक होते तसेच ठेवले. तीन वर्षांनी जादा तास न मिळालेल्या मुलांपैकी ३९.५ टक्के मुलांना नंबर लागला होता. जादा तास मिळालेल्यांत ३०.४ टक्के मुलांना. शंभर मुलांमागे नऊ मुले. ४० मिनिटांच्या बदल्यात मिळालेले हे फळ मला लहान वाटत नाही.

असे का होते, याचे सध्या सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण प्रकाशाच्या तीव्रतेत आहे. भरपूर उजेडात दृष्टिपटलातून डोपामिन नावाचे द्रव्य अधिक स्रवते आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालते. आपल्या नजरेला घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड आणि बाहेरचा उजेड यांत फार अंतर वाटत नाही, कारण डोळा स्वतःला जुळवून घेतो. लक्स या उजेड मोजण्याच्या एककात मोजले तर वर्गखोलीत दोनशे-तीनशे लक्स उजेड असतो आणि बाहेर, उन्हात उभे न राहताही, दहा हजार लक्स सहज भरतो. ढगाळ दिवशीसुद्धा तो काही हजारांच्या खाली क्वचित येतो. तैवानमधल्या शाळांतील एका चाचणीत असेही दिसले की कडक ऊन लागतच नाही. झाडाखाली किंवा उघड्या व्हरांड्यात घालवलेला वेळही कामी येतो, फक्त तो पुरेसा असावा लागतो. एक मर्यादा मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बाहेरचा उजेड नंबर लागणे टाळतो किंवा लांबवतो, याचा पुरावा भक्कम आहे. एकदा लागलेल्या नंबराची वाढ तो किती रोखतो, याचा पुरावा तेवढा भक्कम नाही. म्हणजे जे करायचे ते बालवाडीपासून तिसरी-चौथीपर्यंत करायचे आहे. सातवी-आठवीत मोबाइलवरून भांडणे सुरू होतात, तोवर डोळ्यापुरता बराच उशीर झालेला असतो.

आता या शहरातले मूल दिवसभर कुठे असते ते बघा. चाळीत गॅलरी होती. ती काही ऐसपैस नव्हती, पण ती उघडी होती, आणि मूल खोलीत मावत नसल्यामुळे दिवसाचे कित्येक तास आपोआप गॅलरीत, जिन्यात, खाली चौकात घालवत असे. चाळीच्या गैरसोयींचे मला कौतुक नाही. सार्वजनिक संडासापुढची रांग मीही लावली आहे. पण पुनर्विकासाने संडास घरात आणताना गॅलरी काढून घेतली, आणि तिच्याबरोबर काय गेले याचा हिशेब कोणी ठेवला नाही. गोवंडी-मानखुर्दकडच्या पुनर्वसन वसाहतींत क्षयरोगाचा अभ्यास झाला तेव्हा २०१८ मध्ये असे समोर आले की तिथे इमारतींमधले अंतर काही ठिकाणी जेमतेम तीन मीटर आहे आणि खालच्या मजल्यांवरच्या घरांत दिवसाचा उजेड नीट पोचतच नाही. तो अभ्यास फुप्फुसांचा होता. त्याच खोल्यांत त्याच मुलांचे डोळेही वाढत आहेत.

घराबाहेर पडावे तर जागा नाही. विकास आराखड्याच्या तयारीच्या वेळी मुंबईत दरडोई मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास निघाली होती. एक माणूस आडवा झाला की संपेल एवढी. शिवाजी पार्क, ओव्हल, आझाद मैदान यांची नावे आपण अभिमानाने घेतो, पण घाटकोपरच्या चाळीतले सहा वर्षांचे मूल संध्याकाळी खेळायला शिवाजी पार्कला येऊ शकत नाही. त्याला हवे असते घरापासून हाकेच्या अंतरावरचे पटांगण, आणि तिथे एकतर गाड्या लागलेल्या असतात, नाहीतर फाटकाला कुलूप असते. नव्या मनोऱ्यांतून वाहनतळाच्या छतावर खेळायची जागा ठेवतात आणि लगोलग तिथे चेंडू खेळायला बंदी घालणारी पाटी लावतात.

यात मुलींचा प्रश्न वेगळा आहे. जे थोडेफार मैदान उरले आहे ते मुलांच्या क्रिकेटने भरलेले असते. माझ्या वर्गातली मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की तिचे खाली जाणे कमी होते. धाकट्या भावंडाला सांभाळणे, पाणी भरणे, किंवा नुसतेच 'आता मोठी झालीस' हे कारण असते. तिच्या हातात फोन देणे आईला सुरक्षित वाटते. चष्मा लागल्यावर 'लग्नाच्या वेळी अडचण येईल' म्हणून तो घालू न दिलेल्या मुलीही मी पाहिल्या आहेत. त्या मुली चष्मा दप्तरात ठेवत आणि माझ्या तासाला तेवढा काढून घालत.

अशा घरातल्या आईला 'मोबाइल देऊ नका' एवढेच सांगून पाठवून देणे मला आता जमत नाही. आई-वडील दोघे कामावर, लोकलचा दोन-दोन तासांचा प्रवास, घरी वयस्क माणूस असले तर असले, खाली रस्त्यावर रिक्षा आणि दुचाक्यांची वर्दळ. मोबाइलने मूल एका जागी बसते, आणि एका जागी बसलेले मूल जिवंत आणि सुखरूप असते. हा त्या आईचा हिशेब आहे. तिला दुसरी जागा दिल्याशिवाय तो हिशेब बदलणार नाही.

शाळांनीही स्वतःकडे बघायला हवे, आणि इथे मी आमच्याच पेशाबद्दल बोलते आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मुंबईत पहिली ते सातवीचे वर्ग थेट डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन वर्गांसाठी मर्यादा घातल्या होत्या: पूर्वप्राथमिकला अर्धा तास, पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रे. प्रत्यक्षात चार-चार तास वर्ग चालले, तेही एका घरात एकच फोन, त्यावर तीन भावंडे, आणि पाच-सहा इंचांच्या काचेवर माझा फळा. चीनमधल्या फेचेंग शहरात २०२० च्या घरबंदीनंतर सहा वर्षांच्या मुलांची तपासणी झाली तेव्हा निकटदृष्टितेचे प्रमाण २१.५ टक्के आढळले. आधीच्या पाच वर्षांत ते ५.७ टक्क्यांच्या वर गेले नव्हते. आपल्याकडची बंदी त्याहून कितीतरी लांबली. आपत्ती होती, तेव्हा इलाज नव्हता, हे मला मान्य आहे. पण शाळा उघडल्या तरी गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची सवय आम्ही सोडली नाही. वहीत लिहून देण्याऐवजी फोटो टाकला की आमचे काम सोपे होते आणि मुलाला संध्याकाळी फोन मागायला हक्काचे कारण मिळते. महापालिकेच्या शाळांतील आठवीच्या मुलांना २०१५ पासून टॅब दिले गेले, तेव्हा दप्तराचे ओझे कमी होईल याचा आनंद झाला होता. मुलांचे डोळे दर वर्षी कोण तपासणार, हा प्रश्न मीही तेव्हा विचारला नव्हता.

पीटीच्या तासाबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलते. परीक्षा जवळ आली की गणिताच्या किंवा इंग्रजीच्या शिक्षकांना तो दिला जातो. मीही घेतला आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात २००९ पासून शाळेला मैदान असावे असे लिहिलेले आहे. दोन सत्रांत भरणाऱ्या, रस्त्याला लागून असलेल्या चार मजली शाळेत ते कागदावरच राहते. मधल्या सुट्टीत मुले वर्गातच डबा खातात, कारण सातशे मुलांना एकदम खाली सोडायला जागा नसते आणि जिन्यात चेंगराचेंगरीची भीती असते. दुपारी शाळा सुटली की क्लास, क्लास सुटला की अंधार. पौष महिन्यात माझ्या वर्गातली काही मुले शाळेत येता-जाता मिळते तेवढेच ऊन अंगावर घेतात.

आनुवंशिकतेचे काय, असे कोणी विचारील. आईवडील दोघांना नंबर असेल तर मुलाला तो लागण्याची शक्यता वाढते, हे खरे आहे. पण एका पिढीत एखाद्या शहराचे आनुवंशिक द्रव्य बदलत नाही. बदलते ते जगणे. मुंबईचे ऊन आणि हवा हा दुसरा आक्षेप, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. ऑक्टोबर आणि मे महिन्यांतल्या दुपारी मुलांना उन्हात उभे करा, असे मी म्हणणार नाही, आणि हिवाळ्यात ज्या दिवशी धुरक्याने समोरची इमारत दिसत नाही त्या दिवशी पळवू नये, हेही बरोबर आहे. म्हणूनच सावलीतल्या उजेडाची गोष्ट महत्त्वाची. सकाळचा पहिला तास, वडाच्या झाडाखालची जागा, उघडा व्हरांडा, कठडा उंच असलेली गच्ची, यांतले काही ना काही बहुतेक शाळांकडे आहे. मुलांनी सूर्याकडे बघू नये, एवढे बजावायचे. टोपी घातली तरी चालते.

तिसरा आक्षेप अभ्यास बुडण्याचा. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना दिवसाचे दोन तास बाहेर ठेवण्याची मोहीम देशभर राबवली. तिथे प्राथमिक शाळांत नजर अधू असलेल्या मुलांचे प्रमाण कित्येक वर्षे चढत होते. २०१२ मध्ये ते ४९.४ टक्के होते आणि २०१५ मध्ये ४६.१ टक्क्यांवर उतरले. अभ्यासाच्या बाबतीत तैवानला कोणी ढिलाईचा दोष देणार नाही. आणि बाहेर बसून पाढे म्हणता येतात, कविता पाठ होतात, परिसर अभ्यासाचा तर अर्धा भाग बाहेरच शिकवायला हवा.

माझी पहिली मागणी वेळापत्रकाची आहे. बालवाडी ते चौथीच्या प्रत्येक मुलाला शाळेच्या वेळेतच रोज किमान ४० मिनिटे उघड्यावर मिळाली पाहिजेत, आणि ती कोणत्याही विषयाला देता येणार नाहीत असा शासनाचा आदेश हवा. हे अशक्य नाही. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा आदेश राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला, तो मुलांच्या झोपेचा विचार करून. झोपेसाठी घंटा बदलता येते तर उजेडासाठीही बदलता येईल. दुसरी मागणी महापालिकेकडे. शाळांची आणि उद्यानांची जी पटांगणे दुपारी कुलपात असतात ती तीन ते सहा लहान मुलांसाठी उघडावीत, एक माणूस देखरेखीला ठेवावा, आणि आठवड्याचे काही दिवस ती मुलींसाठी राखावीत. पुनर्विकासाच्या आराखड्यात मुलांना खेळता येईल अशी जमिनीवरची उघडी जागा मोजून मागावी.

डोळे तपासण्याची व्यवस्था कागदावर आपल्याकडे बरी आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात सरकारी आणि अनुदानित शाळांतील मुलांची तपासणी होते आणि अंधत्व नियंत्रणाच्या कार्यक्रमातून शाळकरी मुलांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. घोडे अडते ते पुढे. तपासणीत नंबर निघाला, चिठ्ठी घरी गेली, रुग्णालयात जायला आईची एका दिवसाची मजुरी बुडणार, म्हणून ती चिठ्ठी डब्याखाली तशीच राहते. शाळेतच चष्मा मोजून शाळेतच हातात दिला, आणि सहा महिन्यांनी तो वापरात आहे का, नंबर वाढला का, हे पुन्हा पाहिले, तर या तपासणीला अर्थ आहे. नंबर झपाट्याने वाढणाऱ्या मुलांसाठी अगदी कमी तीव्रतेच्या अ‍ॅट्रोपिनचे थेंब आणि खास भिंगे असे उपाय आता आहेत. ते नेत्रतज्ज्ञाने ठरवायचे असतात, औषधाच्या दुकानातून आणायचे नसतात. गरीब घरातल्या मुलापर्यंत ते पोचायचे तर ते सरकारी रुग्णालयातून मिळायला हवेत.

घरासाठीही मी सांगते, कारण सांगायला हवेच: दोन वर्षांच्या आत फोन नको, जेवताना आणि अंथरुणात नको, बघायचेच तर फोनऐवजी लांबून टीव्ही. पण हे सांगताना त्याच आईला शाळा मुलाला रोज किती वेळ बाहेर नेते तेही सांगता आले पाहिजे.

आमच्या शाळेच्या इमारतीपुढे छोटे आवार आहे. त्यात एक बदामाचे झाड आहे आणि इतकी वर्षे दिवसभर गाड्या उभ्या असत. काही शिक्षकांच्या, काही शाळेत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या. गेल्या वर्षी मी दुसरीचा शेवटचा तास बाहेर घ्यायची परवानगी मागितली. ती मिळाली, पण गाड्या कुठे लावायच्या हा प्रश्न सभेत तीनदा आला आणि शेवटी अर्धे आवार मोकळे झाले. आता त्या अर्ध्या भागात एका वेळी ३० मुले बसतात आणि वर्गातली उरलेली ३० दुसऱ्या दिवशी, म्हणजे एका मुलाला एका आड एक दिवस ३५ मिनिटे मिळतात. पावसात पोर्चमध्ये जेमतेम २० मावतात. बदामाच्या पलीकडच्या बाजूला अजून सहा गाड्या उभ्या असतात. त्या हलवण्याचा अर्ज मी जूनच्या सभेसाठी पुन्हा दिला आहे.